नवव्या पुस्तकातलं ‘तू’

१२ जानेवारी

नववं पुस्तक हातात आलं. दुपारी वाचून संपवलं आणि डोकंच फिरलं. लेखिकाबाईंनी शेवटी तेच केलं! आठ पुस्तकं त्या दोघांना नीट मैत्रीत ठेवलं होतं — खुनांचा तपास करणारा इन्स्पेक्टर आणि शवविच्छेदन करणारी डॉक्टर. वाद, पुरावे, एकमेकांची टिंगल, आणि कायम अहो-जाहो. आता नवव्यात, पुस्तक निम्म्याहून पुढे गेल्यावर, तो तिला एकदा ‘तू’ म्हणतो. मिठी नाही, गाणं नाही. तेवढंच. पण झालं ना व्हायचं ते.

या पुस्तकांच्या ऑडिओ-मालिकेत पहिल्यापासून त्या डॉक्टरचा आवाज मी आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करताना लोक वळून बघतात, ‘तुम्ही त्याच का?’ म्हणून. मलाही जरा विचारायला हवं होतं असं वाटलं.

आईला सांगितलं. ती भाजी निवडताना इयरफोन कानात घालून हीच मालिका ऐकत असते. म्हणाली, "आत्ता होय? मला वाटलं, कधीचंच झालंय."

१५ जानेवारी

रेकॉर्डिंग सुरू. तीच खोली — भिंतींना काळा स्पंज, पंखा बंद, दोन खुर्च्या, दोन माइक. सुती कपडे घालून जायचं, नाहीतर ओढणीची सळसळसुद्धा येते. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. त्याला आम्ही ‘कान’ म्हणतो. कुणाच्या पोटात गुरगुरलं तरी त्याला आधी कळतं.

आणि शेजारच्या खुर्चीवर इन्स्पेक्टर. म्हणजे इन्स्पेक्टरचा आवाज. मी त्याला इन्स्पेक्टरसाहेब म्हणते, तो मला डॉक्टरीणबाई. आम्हीही अहो-जाहोच. आधी ओळख नव्हती म्हणून, मग गंमत म्हणून, आता सवय म्हणून. इथे मात्र ‘तो’ लिहिते. वहीला काय कळतंय.

चहाच्या सुट्टीत मी तोंड सोडलं. दोन माणसांची चांगली मैत्री बघवत नाही का लोकांना? प्रत्येक वेळी त्यांचं लग्नच लावून द्यायला हवं का?

तो म्हणाला, "अहो, इन्स्पेक्टर प्रत्येक पुस्तकात शवागाराच्या दारात उभा राहतो. नाकाला रुमाल. वास सहन होत नाही. मग अहवाल आणायला शिपायाला का नाही पाठवत?"

"मैत्री म्हणून येतो."

"मैत्री म्हणूनच. मी कुठं नाही म्हटलं?"

त्याचा घसा बसला होता म्हणून मी वाद आवरता घेतला, असं समजू.

२१ जानेवारी

आजही त्याचा आवाज घोगरा. एक पान पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. "एसीमुळे," म्हणाला. एसी बंद होता.

२८ जानेवारी

आज तो प्रसंग होता. डॉक्टरच्या टेबलावर तिच्याच जुन्या प्राध्यापकांचा मृतदेह येतो. तिचा हात उचलत नाही. आणि दारातला इन्स्पेक्टर पहिल्यांदा आत येतो, रुमाल खिशात घालतो, म्हणतो, "तू बस. मी आहे इथं." त्यावर तिचं वाक्य फक्त — "माहीत आहे."

मला ते जमेना. आधी कोरडं झालं. मग रडकं. मग असं झालं की जणू मी त्याला वेळापत्रक सांगतेय. काचेपलीकडून कान म्हणाला, "ताई, दोनच शब्द आहेत हो."

त्याला कळवळून सांगणार होते की तेच तर.

याने मात्र पहिल्याच झटक्यात केलं. आवाज खाली आणला, किंचित फाटू दिला. खोलीत कुणी दिवा लावावा तसं झालं. मला रागच आला. इतकं सहज? माझ्याकडे बघून? वाक्य संपल्यावर त्याने लगेच पान उलटलं आणि "पुढचं घेऊ या, वेळ नाही," म्हणाला. वेळ का नाही ते विचारलं. म्हणे, मुलाकडे जायचंय, त्याच्या आधी संपवायचंय. मुलगा लांब दुसऱ्या देशात. दोन वर्षांत एकदाही गेला नाही हा त्याच्याकडे.

शेवटी माझं ‘माहीत आहे’ कसंबसं झालं. कान म्हणाला, चालेल. ‘चालेल’ म्हणजे काय ते मला माहीत आहे.

३ फेब्रुवारी

पुस्तक संपलं. जाताना त्याने खुर्चीवरची आपली उशी काखेत मारली. पाठीसाठी आणलेली, वर्षानुवर्षं तिथेच पडलेली. मी म्हटलं, दहाव्याच्या वेळी परत ओझं कशाला? तो हसला नुसता.

तो गेल्यावर कानाला गाठलं. तो चष्मा पुसत बसला. "त्यांनी मला ‘सांगू नकोस’ म्हटलंय, ताई." मी तिथेच उभी राहिले. मग बोलला. घशात गाठ आहे. नको ती. स्वरयंत्रच काढणार आहेत. गुरुवारी.

घरी येऊन आईजवळ बसले. ती समोर पाणी ठेवून गेली.

४ फेब्रुवारी

त्याच्या घरी गेले. बॅग भरत होता. तीन शर्ट, तिन्ही पुढून बटणांचे — डोक्यातून घालायचे आता चालणार नाहीत ना.

मी म्हटलं, "तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाचता आलं नसतं."

"नसतं वाचलं!"

"म्हणूनच. मला हे पुस्तक पूर्ण करायचं होतं. आणि तुमच्याबरोबरच करायचं होतं." शर्टाची घडी मोडली, परत घातली. "कान रागावलाय का हो? त्याला उगाच अडकवलं मी."

मी कानाबद्दल काहीतरी बोलत राहिले. जे बोलायचं ते तिथेच राहिलं. जिन्यात आल्यावर लक्षात आलं, मी त्याला तू म्हणाले. तो शेवटपर्यंत तुम्हीच म्हणत होता.

आणि हे त्याच्या आवाजातलं शेवटचं, जे मी समोर बसून ऐकलं — कान रागावलाय का हो.

९ फेब्रुवारी

त्याच्या बहिणीने कळवलं. गाठ पूर्ण निघाली. जीव वाचला. आवाज गेला.

२२ फेब्रुवारी

आज भेटू दिलं. त्याची धाकटी बहीण राहायला आली आहे, तिने दार उघडलं. तो खिडकीशी. गळ्यावर जाळीचं कापड, त्याखाली श्वासासाठी भोक. मांडीवर मुलांची असते तशी पाटी. बहीण म्हणाली, गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळतं, पण हा हातात धरायला तयार नाही. त्याने पाटीवर लिहिलं — ‘आवाज म्हणजे डब्यातला माणूस.’

मी पोपटासारखी बोलत सुटले. आई, कान, पुस्तकाला आलेले अभिप्राय, जिन्यातला गेलेला दिवा. त्या प्रसंगावर श्रोते वेडे झालेत, हेही सांगितलं. मग बहीण आत गेली आणि मला शांतता सोसेना. म्हटलं, "मला इथं येत राहायचंय. मैत्रीण म्हणून नाही. म्हणजे मैत्रीण म्हणूनच, पण नुसती नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सुरेख वाचली. स्वतःचं हे असं निघालं.

त्याने पाटी पुसली. मग लिहिलं — ‘कीव नको.’ मी बोलायला तोंड उघडलं तर ते पुसून खाली लिहिलं — ‘तुम्ही या आता.’

आपल्याकडे ‘जा’ म्हणत नाहीत, ‘या’ म्हणतात. इतकं सभ्यपणे मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

कीव म्हणे. मी केली असेल तर स्वतःची.

६ मार्च

लगोलग आलेल्या दहाव्या पुस्तकाला नवा इन्स्पेक्टर आणलाय. चाळिशीचा, नाटकात काम करणारा. वाईट असता तर बरं झालं असतं. चांगला आहे.

एका जागी मी पान उलटायला थांबले, तर तो बरोबर तेवढाच थांबला. परत एकदा झालं. माझा वेग वाढला तिथे त्याने स्वतःचं वाक्य उलट सावकाश घेतलं. मी म्हटलं, छान सांभाळून घेताय. तो म्हणाला, "अहो, साहेबांनी घोकून घेतलंय माझ्याकडून. ऑपरेशनच्या आधी घरी बोलावून शिकवलं. माझं नावही त्यांनीच सुचवलं इथे. म्हणाले, डॉक्टरीणबाई मोठ्या वाक्याच्या आधी पान उलटतात, तेव्हा घाई करायची नाही. चिडल्या की पळतात, त्यांच्या मागे लागायचं नाही, थांबायचं, त्या आपोआप परत येतात. आणि त्या पाणी मागत नाहीत, ग्लास आपणच सरकवायचा."

माझ्यापुढे ग्लास होता. आजवर तो कोण ठेवतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेर आल्यावर कानाने दिवसाचं काम तिथेच थांबवलं.

७ मार्च

आई म्हणाली, "जा. पण रडायला जाऊ नकोस, भांडायला जा."

गेले. बहीण ओशाळून म्हणाली, "ताई, तो पडून आहे. कुणाला भेटायचं नाही म्हणतो." खोलीचं दार लोटलेलं. मी आत नाही गेले. बाहेरूनच म्हटलं, "कीव येत नाही मला. राग येतो. मी पान कधी उलटते ते कळलं तुला, पाणी कधी लागतं ते कळलं. मग मी काय म्हणत होते ते कसं नाही कळलं? आणि आवाज गेला म्हणून तू गेलास का? तुझ्या आवाजाशी मी वाद घालत नव्हते. तुझ्याशी घालत होते."

आत काही आवाज नाही. येणार तरी कुठून.

बहिणीने चहा विचारला. नको म्हटलं. आठवतच नाही कशी घरी आले.

१५ मार्च

काही नाही. मेसेज पाठवला होता, वाचलाय, उत्तर नाही. काम रोज होतंय. नवा चांगलाच आहे. त्याने काल ग्लास सरकवला आणि मी तो त्याच्याकडे परत सरकवला. बिचारा गोंधळला.

आईने मालिका ऐकणं थांबवलंय. दहावं तयार होतंय म्हटल्यावर म्हणाली, "नको. नवव्यापर्यंत पुरे मला."

१९ मार्च

आज सकाळी फोन वाजला. त्याचा नंबर. वाटलं बहीण असेल, काही बरंवाईट झालं असेल. उचलला. पलीकडे कुणी बोलेना. मग श्वास ऐकू आला — गळ्यातून येणारा, खरखरीत. बोलता येत नाही अशा माणसाने मला फोन केला होता.

म्हटलं, "येऊ का? नको असेल तर ठेव."

ठेवलेला नाही. फोन अजून चालू आहे, शेजारी ठेवून हे लिहितेय. आईने माझ्या चपला दारात सरळ करून ठेवल्यात. निघते.