उत्तरा खांबेटे हयात असल्याबाबत

डब्लिन, ओहायो
दि. १९ मार्च २००७

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
भीमातीर विद्यापीठ,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय: बी.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र) गुणांच्या उताऱ्याची दुसरी सीलबंद प्रत परस्पर अमेरिकेस पाठविणेबाबत.
संदर्भ: आपले दि. २६ फेब्रुवारी २००७ चे पत्र, जे अर्जदाराच्या वारसांना उद्देशून आहे.

महोदय,

१. अर्जदाराच्या ताब्यात आज रोजी पुढील वस्तू आहेत. आपल्या विद्यापीठाने दिलेल्या गुणांच्या उताऱ्याची पाने सहा, सर्व लॅमिनेट केलेली. त्यांवर राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाचे शिक्के बारा. विद्यापीठाचा लिफाफा एक, वरच्या बाजूने ब्लेडने सरळ कापलेला. लिफाफ्यावर लाखेची सील पाच. पैकी अखंड तीन, अर्धवट एक, गायब एक. यांपैकी कोणतीही वस्तू अर्जदाराच्या उपयोगाची नाही. त्याचे कारण पुढीलप्रमाणे.

२. अर्जदार आपल्या विद्यापीठाची २००४ सालची पदवीधर असून लग्नानंतर पती श्री. निमिष यांच्यासोबत येथे राहते. (अर्जदाराने लग्नानंतर नाव बदललेले नाही, त्यामुळे त्या बाबतीत तरी घोटाळा नाही.) पतीच्या व्हिसावर आलेल्या पत्नीला येथे नोकरी करता येत नाही, शिक्षण घेता येते. अर्जदाराने कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे गावाच्या जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात, नर्सिंगच्या पदवीसाठी अर्ज केला आहे. पूर्वअट म्हणून असलेला रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम तिने पूर्ण केला आहे. यावर अर्जदाराच्या मावशी फोनवर म्हणाल्या, "अगं, फर्स्ट क्लासची पोर तू, बेडपॅन उचलायला एवढं विमानाने गेलीस होय?" हे विषयाला धरून नाही, पण अर्जदार परिस्थिती पूर्ण मांडू इच्छिते.

३. जागा अठ्ठेचाळीस आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राचे गुण १५ मेपर्यंत पोहोचले तर अर्जदाराला सप्टेंबरमध्ये प्रवेश मिळेल. न पोहोचल्यास तोच विषय प्राथमिक पातळीपासून पुन्हा शिकून पुढच्या वर्षी यावे लागेल. पतीच्या व्हिसाची मुदत जून २००९ मध्ये संपते आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. वजाबाकी आपण करालच.

४. कॉलेजची अट एकच: उतारा विद्यापीठाच्या सीलबंद लिफाफ्यातच यावा. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये अर्जदाराचे वडील श्री. जगन्नाथ खांबेटे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय ६४, आपल्या कार्यालयात तीन वेळा आले. उतारा परदेशी टपालाने पाठविण्याची पद्धत नसल्याचे त्यांना सांगण्यात आले. उतारा हातात घेण्याच्या फॉर्मवर दोनच रकाने होते: "उमेदवार स्वतः हजर" आणि "मयत उमेदवाराचे वारस".

५. खिडकीवरील लिपिक श्री. राजीव यांनी वडिलांना केवळ मदत करण्याच्या हेतूने सांगितले, "काका, मुलगी अमेरिकेत असा रकानाच नाही बघा. स्वतः हजर लिहिलं तर तिला उभं करावं लागेल. वारस करू या का? आजच्या आज काम होईल." वडिलांनी एकतीस वर्षे सरकारी नोकरी केली आहे, काम करून देणारा लिपिक ते लांबून ओळखतात. त्यांनी सही केली. हे घरी कळल्यावर अर्जदाराच्या आईने त्यांच्याशी चार दिवस अबोला धरला. विद्यापीठाच्या दप्तरात याची नोंद नसावी, म्हणून येथे करीत आहे.

६. लिफाफा घरी आल्यावर वडिलांनी तो उघडला. का उघडला, असे विचारता ते म्हणाले, "आत काय आहे ते न बघता कागद पुढे पाठवू? उभ्या नोकरीत असं केलं नाही मी!" त्यांनी सहाही पानांवरील बेरजा तपासल्या, त्या बरोबर निघाल्या. नंतर अमेरिकेतल्या हवेने कागद खराब होऊ नयेत म्हणून आधी साक्षांकन व मग लॅमिनेशन करून, मूळ लिफाफा पुरावा म्हणून सोबत जोडून, सुटीवरून अमेरिकेस परत येणारा त्यांचा भाचा चि. अंकुर याच्याबरोबर सर्व पाठवून दिले.

७. जानेवारीत अर्जदाराने ते कॉलेजच्या प्रवेश विभागात नेले. तेथील श्रीमती डोना यांनी पाने उजेडात धरली, सर्व शिक्के पाहिले, शेजारच्या दोघींना बोलावून दाखवले आणि म्हणाल्या, "हनी, इट्स ब्यूटिफुल. बट इट्स ओपन." अर्जदाराने वाद घातला नाही. परीक्षानळीचा कापूस एकदा काढला की नळी निर्जंतुक राहत नाही, मग काढणारा कितीही सज्जन असो. हे अर्जदार आपल्याच विद्यापीठात शिकली.

८. म्हणून अर्जदाराने दि. २९ जानेवारी रोजी दुसऱ्या प्रतीसाठी विनंती केली. आपल्या संदर्भीय पत्रात दोन गोष्टी कळविल्या आहेत. पहिली, मयत उमेदवाराचा उतारा वारसास एकदाच दिला जातो, सबब विनंती दप्तरी दाखल. दुसरी, उमेदवार मयत असताना दि. २९ जानेवारीच्या अर्जावर तिची सही कशी, याचा वारसांनी पंधरा दिवसांत खुलासा करावा. वडिलांनी खुलासा लिहायला घेतला होता. चौथ्या मसुद्यानंतर अर्जदाराने त्यांना थांबवले.

९. त्यानंतर अर्जदाराने आपल्या कार्यालयात फोन केला. फोन श्री. राजीव यांनीच घेतला. ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "मॅडम, तुम्ही हयात आहात ते आवाजावरून कळतंय हो मला. पण आवाज फाइलला लावता येत नाही ना! हयातीचा दाखला पाठवा. पेन्शनवाल्यांचा नमुना चालेल. प्रत्यक्ष तपासून, असं मात्र त्यात पाहिजे." अर्जदाराचे वय २४ असून ती पेन्शनवर नाही.

१०. येथील डॉक्टरांच्या कार्यालयाने असा दाखला देण्यास असमर्थता दर्शविली. कोणी मेल्याचा छापील फॉर्म त्यांच्याकडे आहे, कोणी जिवंत असल्याचा नाही. अखेर अर्जदाराने, तिला रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्या नोंदणीकृत परिचारिका श्रीमती वॉल्श यांना विनंती केली. त्यांना प्रकरण समजावण्यास चाळीस मिनिटे लागली. "सो युवर डॅड सेड यू वर डेड, टु सेव्ह टाइम?" असे त्यांनी दोनदा विचारले. अर्जदाराने दोन्ही वेळा होय म्हटले. न मोजलेल्या गोष्टीवर आपण सही करत नाही, असे सांगून त्यांनी अर्जदाराची रीतसर तपासणी केली. प्रस्तुत अर्ज त्यांच्याच वर्गात बसून लिहीत असल्याने तपासणी अर्जापूर्वी एकदा झाली असून अर्ज संपल्यावर पुन्हा होणार आहे.

११. तरी अर्जदाराच्या विनंत्या अशा:

(अ) अर्जदाराच्या मृत्यूची नोंद रद्द करावी.

(आ) उताऱ्याची दुसरी प्रत सीलबंद करून सोबतच्या पत्त्यावर कॉलेजकडे परस्पर पाठवावी. ती कोणत्याही परिस्थितीत वडिलांच्या हाती देऊ नये. ते मागतील. ते फार चांगले गृहस्थ आहेत.

(इ) नोंद रद्द करण्यास समितीची मंजुरी लागत असेल व तीत १५ मे उलटून जाणार असेल, तर अर्जदार तूर्त मयत राहण्यास तयार आहे. वारसास उतारा एकदाच मिळतो हा नियम असल्यास, पहिली प्रत परत घेऊन तीच नव्या लिफाफ्यात घालावी. लॅमिनेशन निघत नाही, हे अर्जदाराने कडेचा एक कोपरा वाफेवर धरून पाहिले आहे.

श्री. राजीव यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये, अशी अर्जदाराची व तिच्या वडिलांची स्वतंत्र विनंती आहे. त्या खिडकीत अर्जदाराचे काम व्हावे असे वाटणारे ते एकटेच होते.

आपली, आजमितीस हयात,

(सही)
उत्तरा जगन्नाथ खांबेटे

सहपत्रे:
१. लॅमिनेट केलेला उतारा, पाने ६.
२. कापलेला लिफाफा.
३. वारसांचा अपूर्ण खुलासा, मसुदा चौथा.
४. कॉलेजचा पत्ता छापलेला कोरा लिफाफा.
५. प्रत्यक्ष तपासणीचा तक्ता, श्रीमती वॉल्श यांच्या सहीनिशी. दि. १९ मार्च २००७.
अर्ज लिहायला बसण्यापूर्वी, सकाळी ९.१०: नाडी मिनिटाला ७४, श्वसन १६, तापमान ९८.२ अंश फॅरनहाइट, रक्तदाब ११२/७०.
अर्ज लिहून झाल्यावर, सकाळी ११.३५: नाडी मिनिटाला ९६, श्वसन २०, तापमान ९८.४ अंश फॅरनहाइट, रक्तदाब १३८/८८.