खाणीतली आमची पिंपं

दि. १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुम्हाला आणि दादांना नमस्कार. दादांचा गुडघा कसा आहे? तुमच्या लेकीने मध्यंतरी फोनवर सांगितलं, की जिना चढताना ते आता कठडा धरतात. तुम्हीही जपा. दुसऱ्यांची औषधं वेळेवर देता आणि स्वतःची विसरता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

इकडे सगळे बरे. कारखान्याच्या पत्र्यांना यंदा रंग दिला. ह्यांचे केस पार पांढरे झाले. आता दोघा भावांना शेजारी उभं केलं तर थोरला कोण ते ओळखू येणार नाही. मी नगरपालिकेत निवडून आले, हे कानावर आलंच असेल. तुम्ही म्हणाला असाल, "ही? हिला तर भाजीवालीशीही घासाघीस करता येत नाही!"

सात वर्षांतलं हे पहिलं पत्र, म्हणून इकडचं तिकडचं लिहितेय.

बंद खाणीभोवती अजून तेच कुंपण आहे, विषारी गाळाची पिंपं सापडली तेव्हा घातलेलं. खालच्या आळीतल्या विहिरी बंद. रोज टँकर येतो. एक पिंप हललेलं नाही. कायदाच असा आहे, की तिथे आपला कचरा आहे असं जो कबूल करेल, त्याच्या गळ्यात अख्खी खाण साफ करायचा खर्च. म्हणून सगळे मूग गिळून बसलेत. आपला धरून चार कारखाने, आणि खुद्द नगरपालिका. तिच्या गाड्याही तिथेच रिकाम्या व्हायच्या. पालिकेचे वकील म्हणाले, "कुणी काही बोलू नका." आम्ही गप्प, गाळ मात्र झिरपतोय.

म्हणून मी ठराव मांडला. सरकारला कळवायचं, की हा कायदा बदला. आधी खाण साफ करा, वाद मागाहून घाला. ज्याचा जेवढा कचरा तेवढाच त्याच्यावर भार टाका, आणि स्वतःहून पुढे येणाऱ्याला थोडं सांभाळून घ्या.

मागच्या सोमवारी सभा झाली. सभासदांपैकी एक, निवृत्त मास्तर, उठले. त्यांची मुलगी खालच्या आळीत राहते. म्हणाले, "बाई, ही सवलत कुणासाठी? सात वर्षांत एकाने तरी तोंड उघडलंय का? नाव निघालं ते एकाच माणसाचं, आणि तोही गाव सोडून पळाला."

ताई, ते दादांबद्दल बोलत होते. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उभी राहिले. लिहून नेलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हटलं, "ते पळाले नाहीत. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा माझ्या नवऱ्याने चाळीस पिंपं तिकडे नेली. फाटक मी उघडलं होतं."

असं आहे ते, ताई.

कारखाना तेव्हा दादांच्या नावावर, म्हणून बोटं त्यांच्याकडे वळली. सिद्ध काहीच झालं नाही, पण लोकांना तेवढं पुरलं. पिंपं सापडली त्या दिवशी दादा ह्यांच्याकडे बघत राहिले आणि हे जमिनीकडे. दादांना तेव्हाच कळलं असणार. तरी ते कुणाला काही बोलले नाहीत, उलट गाव सोडताना कारखानाही ह्यांच्या नावावर करून गेले. तुम्ही मला स्वयंपाकघरात विचारलं होतंत, "तुला काही माहीत आहे का गं?" मी नाही म्हटलं आणि भांडी विसळत राहिले.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आता तुमचा यात संबंध आला, तुम्हाला मत देता येणार नाही." मी बाहेर बाकावर जाऊन बसले. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. मास्तर विरोधातच राहिले. पण बाहेर आल्यावर माझ्यापुढे थांबले. "तुमचं बोलणं इतिवृत्तात शब्दशः घ्यायला लावलंय," म्हणाले. "आणि माझं ते 'पळाला' मागे घेतलंय."

नवा कायदा कधी होईल, होईल की नाही, देव जाणे. आणखी काही नगरपालिकांनीही असे ठराव पाठवलेत म्हणतात. तोवर जुनाच लागू. काल आम्हाला नोटीस आली, अख्ख्या खाणीची. तीत दादांचं नाव कुठेही नाही. मी दोनदा वाचून पाहिलं.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी चहा घेताना हे म्हणाले, "आधी मला सांगायचंस तरी."

म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही अडवलं असतं. आणि मी अडले असते."

ते उठले, चपला घातल्या, आणि पालिकेच्या इंजिनिअरला घेऊन खाणीवर गेले. कुठे आणि किती खोल पुरलंय, ते जागेवर उभं राहून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघांपैकी एक कारखानदार आपण होऊन तिथे आला.

परत या, असं लिहायचा मला हक्क नाही. माफ करा, असं लिहिलं होतं, खोडलं. एवढ्या वर्षांनी तो शब्द फार हलका वाटला. इतिवृत्ताची प्रत सोबत जोडली आहे. दादांना वाचून दाखवा. ते म्हणतील, "राहू दे आता." तरी वाचा, ताई. मोठ्याने वाचा.

अजून म्हणू देत असाल तर,
तुमची धाकटी जाऊ