घरची भाषा

आखन (जर्मनी), शुक्रवार

तीर्थस्वरूप आई,

तुमच्या सुनेचा, स्वानंदीचा नमस्कार. आम्ही मजेत आहोत. अन्वीचा खोकला गेला. तुमचे गुडघे कसे आहेत?

काल अन्वीच्या बालवाडीचा फॉर्म पाहिला. ‘घरची भाषा’ या रकान्यात तुमच्या मयुरेशने ‘जर्मन’ लिहिलंय. मला विचारलंसुद्धा नाही. ती जन्मली तेव्हा तुमच्यासमोर म्हणाला होता, घरात मराठीच बोलायचं.

आमच्या शेजारी राहणाऱ्या, मूळच्या मोरोक्कोच्या इत्तोने तिच्या मुलाच्या फॉर्मवर त्याच रकान्यात अरबीच्याही आधी आपली बर्बर भाषा लिहिली. त्यांच्या राजाच्या सरकारने ती अधिकृत केली थेट २०११ साली. तोवर आयांनीच ती घरात टिकवली. आम्हाला तर कुणी अडवलंही नव्हतं.

रविवारी फोनवर मयुरेशला रागावू नका. फक्त मराठीत बोला. त्याला अजून येतं.

तुमची,
स्वानंदी