आर्येएवढा उजेड

अण्णा, आज नातसुनेने काचेच्या पेल्यात सरबत आणून दिलं. तो पेला खिडकीसमोर धरून मी इतका वेळ बघत राहिलो की ती म्हणाली, "आजोबा, माशी पडलीय का?" माशी नव्हती. पेल्याच्या कडेला काळी रेघ दिसते का, ते बघत होतो. आपल्या गिरगावातल्या स्टुडिओत ती रेघ तुम्ही काजळ घालावं तशी आणायचात. दिवा काचेवर मारायचा नाही, मागच्या पांढऱ्या चादरीवर मारायचा, आणि दोन्ही बाजूंना काळा कागद उभा करायचा. लेन्सची टोपी काढली की मी शाळेतली एक आर्या म्हणायची, ती संपली की तुम्ही टोपी घालायचात. घड्याळाकडे बघितलं तर काचेकडे दुर्लक्ष होतं, असं तुमचं म्हणणं. मला तर तेवढ्यासाठीच ते काम आवडायचं. कवितेला कुठे तरी किंमत होती.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मामाने परळच्या एका गिरणीच्या हापिसात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती आणि मला जायचं नव्हतं. "शेटचं हे काम नीट होऊ दे, मग बघू," तुम्ही म्हणालात. शेटचा काचसामानाचा धंदा. त्याच्या जाहिरातीसाठी सहा पेले आणि एक सुरई आली होती. फोटोच्या प्लेटा दोनच उरल्या होत्या आणि बंदमुळे दुकानं उघडत नव्हती.

तुम्ही टोपी काढता, मी आर्या सुरू करतो, आणि खाली रस्त्यावर मोर्चा येतो. "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे." लाकडी जमीन थरथरते, पेले किणकिणतात, माझी आर्या त्या घोषणेच्या चालीवर धावत सुटते आणि निम्म्या वेळात संपते. प्लेट धुऊन बघितली तर चित्र धड उमटलेलंच नाही. उजेड कमी पडला, वर पेलेही हललेले. आता रागवाल म्हणून मी भिंतीशी उभा. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तुझी आर्या मोर्च्यात गेली रे. गेली ते बरंच केलं. पण दुसरीला घरी ठेव."

मोर्चा पार लांब जाईपर्यंत आपण दोघे खिडकीत उभे राहिलो. मग दुसरी प्लेट लावली. तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलावलं नाहीत, स्वतःही मोजलं नाहीत. मलाच म्हणायला लावलंत. सुरईच्या गळ्याची रेघ अशी उतरली, की बोट फिरवावंसं वाटावं.

शेट म्हणाला, "फोटू एकदम फस्‌क्लास. पण जाहिरात आपण वर्षाला एकदाच छापतो हां." तो गेल्यावर तुम्ही बराच वेळ चादरीची घडी घालत होतात. "इथे दोघांचं भागायचं नाही. मामाकडे जा." माझ्याकडे न बघता म्हणालात.

त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही मला जपूनच वागवलंत. मी हापिसातून आलो की पानातली बाकरवडी माझ्याकडे सरकवायचात, आणि पोराचं काही तरी आपण हिरावून घेतलं, असं आईजवळ बोलायचात. आई ते मला सांगायची. मी तरी बाकरवडी खायचो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते इथेच राहील. पण अण्णा, गिरणीतल्या पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसलो, टाक दौतीत बुडवला, आणि मला इतकं हायसं वाटलं. तिथे फुटण्यासारखं काही नव्हतं.