आयन-तूताचं खोटं घड्याळ

२ जून

आले एकदाची माल्टाच्या या धाकट्या बेटावर, गोझोला! स्लिमा शहरातल्या मैत्रिणींनी चिडवून नकोसं केलं, तिकडे जाऊन शेळ्या राखणार का म्हणून. राखीन. शेळ्या निदान वेळेवर घरी जातात, पर्यटकांचं तसं नाही. उद्यापासून आयन-तूता गावातल्या सहली माझ्या ताब्यात. सकाळी दहाला पाषाणयुगातली देवळं, मग जुना किल्ला, दुपारी चेंसाबाईच्या पावाच्या भट्टीवर जेवण. खोलीही तिच्याच माडीवर घेतली आहे. ट्यूना, ऑलिव्ह आणि टोमॅटो घातलेली गरम फ्तिरा, म्हणजे इथला चपटा पाव, तिने माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, एवढी वाळकी कशी ग, आई जेवायला घालत नव्हती का? बाई फटकळ आहे. आमचं जमेल.

३ जून

पहिली सहल झकास झाली. हे दगड एका राक्षसिणीने शेंगा खात खात, खांद्यावर तान्हं पोर घेऊन वाहून आणले, हे मी अगदी आपल्या शेजारणीची गोष्ट असल्यासारखं सांगते. लोक खूश होतात.

घोळ झाला तो परतताना. चर्चला दोन मनोरे, दोन्हींवर घड्याळं. उजवं बरोबर, डावं मुद्दाम चुकीचं. सैतानाला खरी वेळ कळू नये, मरणाऱ्याच्या उशाशी पाद्री त्याच्या आधी पोचावा, म्हणून ही जुनी युक्ती. पुष्कळ गावांत ते घड्याळ नुसतं रंगवलेलं असतं. इथलं चालतं! तीन जर्मन पाहुण्यांनी त्यावर भरवसा ठेवला आणि बोट चुकवली. बोलणी मी खाल्ली.

५ जून

चर्चचे सेवेकरी साल्वूकाका यांना भेटले. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ते रोज सकाळी मनोरा चढून डाव्या घड्याळात नवी चूक करतात. आज दोन तास पुढे, तर उद्या चाळीस मिनिटं मागे. एकच चूक कायम ठेवली तर तो लेकाचा वजाबाकी करेल की, म्हणाले. नाव घेत नाहीत, नुसतं 'तो'. आता पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, पोरी, पाहुण्यांना रोज थापा मारतेसच, त्यात आणखी एक. मी हो म्हणून आले.

६ जून

आज दोन्ही घड्याळं जुळवून टाकली. शब्द दिला आणि मोडला, कबूल आहे. पण ऐंशी पायऱ्या चढून घाम गाळायचा तो खोटं बोलायला? मला नाही जमणार. खाली चेंसाने वर पाहिलं आणि भट्टीचं दार लावून घेतलं. लावू दे.

७ जून

नवा पाहुणा आला. फिकट सूट, गवती टोपी, दहाच्या ठोक्याला हजर. देवळात बाकीचे फोटो काढत होते आणि हा दूरच्या मनोऱ्यांकडे बघत आपलं मनगटी घड्याळ लावत होता. तुमच्या गावात आता वेळ सापडते, असं म्हणून त्याने माझे आभार मानले. जेवताना सशाचं कालवण समोर निवून गेलं, त्याने हात लावला नाही. असतात एकेक माणसं.

९ जून

गावातल्या कार्म्नीआजी गेल्या. नव्वदीच्या होत्या, त्याचं नवल नाही. पण आमचे पाद्री दुन अल्विझ कधी उशीर न करणारे, ते मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचं पवित्र तेल घेऊन दाराशी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. चेंसा म्हणाली, चेहरा बघू नकोस. मी बघितला. बघायला नको होता.

आजी एकट्या राहायच्या. तरी उशाशी खुर्ची ओढलेली होती. मी हात लावून पाहिला. बैठक गरम होती.

११ जून

आज एक म्हातारा कोळी गेला. पाद्री पुन्हा दोन मिनिटं मागे. पुन्हा खुर्ची.

आणि गवती टोपीवाला आज दहा मिनिटं उशिरा आला. एक काम आटपत होतो, म्हणाला. घाम नाही, धाप नाही. सहल तिथेच सोडून धावले, मनोरा चढले, डाव्या घड्याळाचे काटे भलतीकडे फिरवले. उतरले तर तो पायरीशी उभा. मनगटावरचं घड्याळ दाखवलं. आता मनोऱ्याची गरज नाही, म्हणाला. मग साल्वू कुठे राहतो ते विचारलं.

मी सांगितलं नाही. त्याला माहीत असणारच.

१२ जून

साल्वूकाकांच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. वाटलं काठी घालतील. ते खोकला येईपर्यंत हसले. स्लिमाची शहाणी, म्हणाले. आपली वेळ आली हे त्यांना आतून कळतंय. आणि दुन अल्विझ मोठ्या बेटावर गेलेत, उद्या दुपारी एकच्या बोटीने येणार; 'तो' त्याच्या आधीच पोचेल. काकांनी माझा हात घट्ट धरला. ते घाबरलेत. माझ्यामुळे.

आधी रडले. मग असा राग आला! त्याच्याकडे बरोबर चालणारं घड्याळ आहे ना? ते चुकीचं आहे असं त्यालाच वाटायला लावते. चेंसाला उठवलं. तिने अर्ध्या तासात गाव उठवलं.

१३ जून

शिरोको, दक्षिणेचा गरम वारा, सुटलाय. आकाश पांढरं, कुणाची सावली पडत नाही. नशीब, उन्हावरून वेळ कळणार नाही.

दोन्ही घड्याळं तीन तास मागे. दहा वाजता सातची घंटा. अख्खं गाव झोपेच्या कपड्यांत, दारोदार जांभया. चेंसा पहिला पाव भट्टीतून काढतेय. तो आला, दहाला, नेमका. मी केस विंचरत होते. चांगलं झापलं त्याला सगळ्यांदेखत. सात वाजता कुणी सहलीला येतं का हो? लोकांना तोंड तरी धुऊ द्या! गाव हसलं. त्याने एक मनोरा पाहिला, मग दुसरा. मग मनगट—

काटे मागे फिरवले. मी डोळ्यांनी पाहिलं.

१३ जून, दुपारी

दुन अल्विझ पोचले. तेल लावलं, प्रार्थना झाली. साल्वूकाका पाद्रीबाबांचा हात हातात घेऊन गेले. उशाची खुर्ची रिकामी, गार. जिंकलो. साल्वूकाका, जिंकलो आपण!

१३ जून, नंतर

आता आला. तीन तास उशिरा. रिकाम्या पलंगाकडे बघत राहिला. मग मनगटावरचं घड्याळ काढून पायाखाली— काचेचा आवाज.

चेंसा म्हणते बोट पकड, पळ. का म्हणून? किल्ली माझ्याकडे आहे. रोज नवी चूक आता मी करणार.

३१ फेब्रुवारी, पहाट

मनोऱ्यात. समोर बसलाय. खुर्ची कुठून आणली—

माझी वेळ आजचीच आहे म्हणे. किती वाजता ते त्याला माहीत आहे, आत्ता किती वाजलेत ते नाही. दर क्षणाला विचारतो. दर वेळी नवी थाप मारते.

हे पण वाचतोय, वाकून. वाच, मेल्या. आज नाताळ. आज माझं बारसं. आत्ता साडेचार, आत्ता सव्वानऊ—

वेळ झाली, म्हणतो.

कुणाच्या घड्याळात? माझ्या घड्याळात अजून