लोकवाट्याचा वाटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बावन्न, धंदा शेती आणि शेतीपेक्षा जास्त शेतीचे अर्ज, गावात 'अर्जवाली वहिनी' म्हणून परिचित, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. उद्या तेच डॉक्टर मला भूल देऊन हृदयाची एक झडप बदलणार आहेत, म्हणून शुद्धीतली कामं आज उरकून घेते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. होता तो रक्तदाबाचा, तोही गोळ्यांनी आटोक्यात आहे.

मृत्युपत्रात कलमं असतात असं वकीलबाईंनी सांगितलं, तेव्हा माझी नणंद शेजारी बसून छाटणीच्या कात्रीला धार लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, "जगतात का?" आमच्या घरात कलम म्हणजे रोपावर बांधायचं ते. वकीलबाई म्हणाल्या, "नीट बांधली तर जगतात." तेव्हा नीट बांधायचा प्रयत्न करते.

कलम १. आम्हाला मूलबाळ नाही. काही लोकांना याचं दुःख माझ्याहून जास्त आहे. अनुदानाच्या भाषेत सांगायचं तर या रकान्यात 'निरंक'.

कलम २. यजमानांबाबत. शेतीच्या अनुदानाला दोन तोंडं असतात, एक कौशल्य प्रशिक्षण आणि दुसरं नवोपक्रम. आमच्याकडे प्रशिक्षण बायकांच्या वाट्याला आलं आणि नवोपक्रम यजमानांच्या. प्रशिक्षणाला माणसं खरोखर यावी लागतात. नवोपक्रमाचं तसं नाही. यंत्र चाललं नाही तरी 'या प्रयोगातून मोलाचे अनुभव मिळाले' असं अहवालात लिहिता येतं. ते वाक्य मी इतक्यांदा लिहिलं आहे की स्वयंपाक करपला तरी तोंडात तेच येतं.

फक्त डावीकडे वळणारं पेरणीयंत्र, फळं मोजणारी आणि पानंही फळं म्हणून मोजणारी पेटी, आणि बोलणारं बुजगावणं ही सर्व स्थावर (जंगम व्हायला हवी होती) मालमत्ता यजमानांची. बुजगावण्यात माझा आवाज भरलेला आहे, "कोण आहे रे तिकडे?" पाखरं आठवड्याभरात सरावली. यजमान अजून दचकतात. माझ्यामागे ते व्हरांड्यात उभं करावं, म्हणजे त्यांना चुकल्यासारखं वाटणार नाही.

बँकेतली ठेवही त्यांचीच. अट एकच, तिच्यातून एकही यंत्र करायचं नाही. यंत्रं अनुदानातूनच करावीत. सरकारच्या पैशाने चुकायची चांगली सवय ऐन म्हातारपणी मोडू नये.

कलम ३. माझं मोठं पातेलं शेजारीणबाईंना देत आहे. ते कित्येक वर्षं त्यांच्याच ओट्यावर आहे, त्यामुळे ताबा देण्याची वेगळी तसदी नको. मी घरात शिरले की त्या त्यावर फडकं टाकतात, ते आता टाकू नये.

कलम ४. माझे शब्द. ज्याला कोणाला पुढे अर्ज लिहायचे आहेत त्याने ते फुकट घ्यावेत. आमच्या शेडमध्ये कलमं बांधायला आणि झाडं छाटायला शिकवतात. पहिल्या वर्षी अर्जात तसंच लिहिलं आणि पैसे मिळाले. दुसऱ्या वर्षी उत्तर आलं की उपक्रम यशस्वी असल्याने आता तो नवा राहिलेला नाही. फसला असता तर पुन्हा मिळाले असते. मग मी त्याचं नाव 'फळबाग कौशल्य संवर्धन' केलं, पुढच्या वर्षी 'पर्णछत्र व्यवस्थापन', त्याच्या पुढे 'सूर्यप्रकाशाचे समन्यायी वाटप'. कात्री तीच, फांदी तीच, शिकवणारीही तीच. शिकायला येणाऱ्या बायका मात्र दारातून विचारायच्या, "वहिनी, यंदा आम्ही काय शिकतोय?"

कलम ५. हे मुख्य कलम आहे, म्हणून जरा सविस्तर.

शिकवणारी म्हणजे माझी नणंद. सासरी पटलं नाही, परत आली. पहिली दोन वर्षं आम्ही नणंद-भावजयीच्या सगळ्या रीती पाळल्या. मी केलेलं तिला खारट लागायचं, तिने केलेलं मला अळणी. मग शेड उभी राहिली आणि एकमेकींना बोलायला दुसरा विषय मिळाला. तिची जीभ तिच्या कात्रीहून धारदार आहे. वर्गात एका बाईने हळहळत विचारलं, "अहो, एवढी चांगली फांदी कापायची?" तर ही म्हणाली, "चांगली आहे, पण मध्येच आहे. आमच्या दादासारखी."

अनुदानात सगळे पैसे सरकार देत नाही. काही भाग गावाने घालायचा असतो, रोख किंवा श्रम. त्याला लोकवाटा म्हणतात. आमच्याकडून लोकवाटा म्हणून दरवर्षी नणंदेचं शिकवणं दाखवलं जायचं. एकदा तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, "लोकवाटा कुठे आहे?" मी बोट दाखवलं, "ह्या काय, उभ्या आहेत."

साहेब गोंधळले. "तसं नाही हो. रोख की श्रम?"

नणंद म्हणाली, "रोख तर मला कोणी कधी दिली नाही. म्हणजे श्रमच असेन."

तेव्हापासून गावात तिचं नाव लोकवाटा. पोरंसोरंही म्हणतात, लोकवाटा आत्या आल्या. ती हसते. पण घरातल्या कुठल्याही वाटणीत या लोकवाट्याला वाटा नाही, हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आता शेडबद्दल. ज्या वर्षी ती बांधली त्या वर्षी अनुदान फक्त बाईच्या नावच्या जागेवर मिळत होतं. मोठे दीर, म्हणजे नणंदेचा तो दादा आणि ज्या संस्थेच्या नावाने मी अर्ज लिहिते तिचे अध्यक्ष, मला म्हणाले, "वहिनी, जागा तुमच्या नावे करतो. घाबरू नका, कागदावरच आहे." मी घाबरले नाही. जमिनीची मालकी कागदाशिवाय आणखी कशावर असते, हे मला आजवर कळलेलं नाही.

माझ्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि दीर तब्येत विचारायला शेडमध्ये आले. हातात मोजायची टेप होती.

मी म्हटलं, "भाऊजी, माझं माप घ्यायला आलात की काय?"

"छे छे. खिशातच असते ती."

नणंद म्हणाली, "दादा, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. धरू का?"

मग खरं कारण निघालं. यंदा शीतगृहाला अनुदान आहे आणि शेडची भिंत त्यांच्या कामाची आहे. "वर्ग काय, झाडाखालीही भरेल," ते म्हणाले. "उलट नैसर्गिक वाटेल."

"भरेल की," नणंद म्हणाली. "आणि तुझी फळं मी पदराने वारा घालून थंड ठेवीन."

दीर हसले, मीही हसले. ती हसली नाही. टेपचं टोक सोडून आत गेली आणि कात्र्या पुसून पुसून पेटीत भरायला लागली, जणू कोणी आत्ताच बाहेर काढणार आहे. मी असेपर्यंत ती पेटी कोणी हलवणार नाही. पण मी असण्याची हमी उद्या दुपारनंतरच मिळेल, म्हणून आजच लिहिते:

ती शेड, तिच्याखालची जागा, मागची कलमांसाठी राखलेली पेरूची झाडं, फळा, बाकं आणि सर्व कात्र्या मी माझ्या नणंदेला देत आहे. कागदावर देत आहे. तिने तिथे वर्ग चालवावा, बंद करावा, नाहीतर दार लावून दुपारची झोप काढावी. कोणाला अहवाल द्यायचा नाही. आणि वर्गाला यापुढे छाटणीचा वर्गच म्हणावं.

कलम ६. उद्या तिचा वर्ग आहे. दवाखान्यात येऊ की वर्ग घेऊ, असं ती सकाळपासून भांडी आपटून विचारते आहे. तिने वर्ग घ्यावा. मला भूल दिलेली असताना तिच्याशी भांडता येणार नाही, मग येऊन उपयोग काय?

कलम ७. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. साक्षीदार असा असावा की ज्याला यातून काही मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. त्या दृष्टीने मोठ्या दिरांइतका योग्य माणूस मला सापडला नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नसतं, आणि माझा एकही अर्ज न वाचता सही करण्याचा त्यांचा सराव दांडगा आहे.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, संध्याकाळ.

सही: अर्जवाली वहिनी

साक्षीदार पहिले: औषधांचे दुकानदार. (सही. चष्मा विसरल्याने जरा वाकडी.)

साक्षीदार दुसरे: मोठे दीर, अध्यक्ष. (सही. खाली त्यांच्याच अक्षरात:)

या खेपेस वाचून सही केली आहे. मध्येच असलेल्या फांदीबद्दलही वाचलं. शेडच्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे असायची, ती आत्ताच धाकट्या बहिणीच्या हातात दिली. तिने मोजून घेतल्यासारखी दोनदा उलटसुलट करून पाहिली. शीतगृह आता रस्त्याकडच्या माझ्या जागेत करायचं आहे. त्याचा अर्ज या गावात दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही आणि मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. सबब, वहिनींनी हे मृत्युपत्र अमलात आणण्याची घाई करू नये.