बिनखात्याच्या मंत्र्याचा राजीनामा

रविवारी तू मला फोनवर खोटारडी म्हणालीस आन् फोन कापलास. सून बोलली असती तर उभी झाडली असती. नात बोलली, म्हणून गिळलं. पण ते पचलं न्हाई. चार दिवस झाले, हा कागद लिहून राह्यले. दुसरी शिकलेल्या बाईला एक पान किती महाग पडतं ते तुला माहीत आहे.

प्रिय साधना,

जेवतीस का? अभ्यासिकेत नुसता चहा ढोसून बसू नको. इकडं गाईला गोऱ्हा झाला. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, जीभ बिलकुल दुखत न्हाई. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन तुझ्या बापाच्या हातात असतो, आन् मी काय बोलते ते तो कान देऊन ऐकतो. म्हणून कागद.

गेल्या उन्हाळ्यात तू दिल्लीचं मंत्रिमंडळ पाठ करत होतीस. मी भाकरी थापायची आन् पुस्तक माझ्या मांडीवर उघडं. तुझ्या डोक्यात बसेना, मंग तू घराचंच सरकार केलंस. आजोबा राष्ट्रपती, कारण कारभार सगळा त्यांच्या नावानं, सही त्यांची, ठरवणारे दुसरे. तुझा बाप पंतप्रधान. आईकडं गृह आन् अर्थ, दोन्ही. कल्याणकाका राज्यमंत्री: राबायचं बराबर, पण बैठकीला बोलावलं तरच यायचं. आन् मला म्हणालीस, आजी बिनखात्याची मंत्री. आजोबा इतके हसले की चहा धोतरावर सांडला. मी मात्र पेटले. दूध, शेण, धुणं हे कुणाच्या खात्यात जातं गं? मंग तू समजूत काढलीस, की खातं नसलं तरी बैठकीत बसता येतं, बोलता येतं.

तेव्हाच तू ते शपथेचं सांगितलंस. पदाची आन् गोपनीयतेची. बैठकीतलं बाहेर फोडायचं न्हाई. आत कितीही भांडा, बाहेर सगळ्यांचं तोंड एक. ज्याला पटत न्हाई त्यानं राजीनामा द्यायचा. मला ते लई शहाणपणाचं वाटलं होतं.

महिन्यामागं आपल्या घरात खरीच बैठक झाली. कल्याणला बोलावलंच न्हाई. तुझ्या बापानं ठरवलं, आईनं मान हलवली. मी म्हणाले, मला पटत न्हाई, पोरगी लहान न्हाई. तो म्हणाला, आई, तिची परीक्षेची तिसरी खेप आहे, आता मोडली तर उठायची न्हाई. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. माझा हात धरून त्यानं तुझ्या नावाची शपथ घातली. मंग माझंही तोंड एक झालं. पहिल्या रविवारी मी सांगितलं, आजोबा अंबडला लग्नाला गेलेत. दुसऱ्या रविवारी शेतात. तिसऱ्या रविवारी झोपलेत. ह्या रविवारी तू विचारलंस, आजोबा माझ्यावर रागावलेत का? मी थकले होते, हो म्हणून मोकळी झाले. तू खोटारडी म्हणालीस ते बराबर.

ते रागावले न्हाईत. त्यांना लकवा झाला, ती बैठक त्याचीच होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठ दिवस जालन्याला दवाखान्यात होते, आता घरी आहेत. जिवाला धोका न्हाई म्हणतात. वाचेचं कुणी सांगत न्हाई. तुझा फोन आला की तुझा बाप तो घेऊन मला अंगणात नेतो, आवाज मोठा करून ठेवतो, आन् तुझं बोलणं खिडकीतून आत जातं. मंग ते डावा हात उचलून खिडकीकडं नेतात, आन् तो तसाच धरून ठेवतात, फोन बंद होईपर्यंत. हे दर रविवारी बघून तोंड एक ठेवणं माझ्याच्यानं होत न्हाई. हा कागद वसंताच्या रिक्षातून पोस्टात गेला की मी तुझ्या बापाला तोंडावर सांगणार, दिला राजीनामा. शपथ मोडली म्हणून तुला काही होत न्हाई, घाबरू नको. परीक्षेला बारा दिवस आहेत. ये म्हणत न्हाई, येऊ नको म्हणत न्हाई. तुझं ठरलं त्या बैठकीत तूच नव्हतीस. आता तू ठरव. पण बापाला विचारू नको, मलाही न्हाई. उत्तर तूच लिहायचं, आन् आजोबांच्या नावानं लिहायचं. अडखळत का होईना, मी त्यांना वाचून दाखवीन.

तुझीच,
दुर्गाबाई आजी